कापणीच्या लिलावातला लॅपटॉप

कॉम्प्युटर घ्यायचा होता. एक. विहीर खणायची नव्हती, पूल बांधायचा नव्हता, कुणाच्या पोरीचं लग्न ठरवायचं नव्हतं. रविवारच्या उपासनेत भिंतीवरच्या पडद्यावर गाण्याची कडवी दाखवायला एक साधा कॉम्प्युटर घ्यायचा, एवढंच पाचोऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीपुढचं काम. त्याला ईस्टरपासून कापणीच्या सणापर्यंत साडेसहा महिने लागले. तेवढ्यात माणूस कपाशी पेरून, फवारून, वेचून मोकळा होतो. आणि या साडेसहा महिन्यांत ज्या एका बाईचं डोकं पार उठलं, ती म्हणजे हेमांगी.

हेमांगीचं स्टेशन रोडला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी मंडळीला प्रोजेक्टर दान दिला. आता प्रोजेक्टर म्हणजे नुसता डोळा, त्याला डोकं लागतं. डोकं कुणाकडे? हेमांगीकडे दुकानाचा लॅपटॉप होता. अभिमन पाळकसाहेब म्हणाले, "ताई, दोन रविवारांपुरतं सांभाळून घ्या." दोन रविवारांची सहा वर्षं झाली.

त्याआधी हेमांगी कुठे बसायची? पुढे, सतरंजीवर, आबांच्या शेजारी. तिचे वडील कौतिकआबा मंडळीचे मुख्य गाणारे. पेटी त्यांची, सूर त्यांचा, आणि झांज हेमांगीची. आबांनी ओळ टाकायची, हिनं उचलायची, मग सगळ्या मंडळीनं. नऊ वर्षांची असल्यापासून तिची ती जागा होती. लॅपटॉप आला आणि ती उठून मागच्या भिंतीजवळच्या टेबलावर गेली, सगळ्यांच्या पाठी बघत. गायची म्हटलं तर गाता येईना, कारण पुढचं कडवं शोधता शोधता हातातलं कडवं संपून जाई. सणासुदीला जेवणाच्या पंगतीत वाढणारीच उपाशी राहते, तशातली गत.

त्यात आबांची गायकी म्हणजे पुस्तकातल्या क्रमानं चालणारी नव्हेच. मनात आलं तर ध्रुवपद चारदा, मनात आलं तर दुसरं कडवं सोडून थेट चौथं. एखादी ओळ आवडली की तिथेच घोळवत बसणार, डोळे मिटून. मंडळीला आधी काय कळायचं? तर भात्यावरच्या डाव्या हाताचं बोट. एक बोट वर गेलं की ध्रुवपद, अंगठा उचलला की पुढचं कडवं, पंजा उघडला की तीच ओळ परत, मूठ झाली की थांबा. हे बोट लांबून ओळखून बरोब्बर ते कडवं पडद्यावर टाकणं हेमांगीलाच जमे. म्हणून सगळे म्हणत, "हेमांगीताईसारखं कुणाला येणार?" या कौतुकाचा तिला असा काही वैताग आला होता की विचारू नका. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

लॅपटॉप दुकानाचा, त्यामुळे भानगडीही दुकानाच्या. एकदा पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत असताना भिंतीवर कुण्या गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो चांगला सात फुटांचा झळकला. तानुअक्का, सगळ्यात पुढे बसणारी म्हातारी, डोळे उघडून बघते तो समोर मिशीवाला माणूस. "हाऊ कोन शे वं?" ती मोठ्यानं ओरडली. आणि कडेलोट झाला तो उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला. भर गाण्यात पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं आली: अपडेट चालू आहे, यंत्र बंद करू नका. चाळीस मिनिटं मंडळी त्या निळ्या पडद्यापुढे बसून राहिली.

त्या रात्री नव्हे, पण त्या रविवारी पंचकमिटी बसली आणि पाळकसाहेबांनी शब्द दिला. "मंडळीचा स्वतःचा कॉम्प्युटर घेऊ. चांगलं, सोपं यंत्र आलं की ताई मोकळ्या. मग कुणीही चालवेल." हेमांगीनं तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला.

कारण त्याच आठवड्यात आबांनी घरी जेवताना सांगून टाकलं होतं. "आते बोटे वळतस नहीत. नाताळ व्हयना का पेटी ठेवी दिसू." आबांना शहात्तरावं चालू. बोटांचे सांधे सुजलेले तिला दिसत होतेच. नाताळनंतर आबा गाणार नाहीत. म्हणजे त्यांच्या शेजारी बसून गायचं असेल तर नाताळच्या आत. त्याच्या आत लॅपटॉपवरून सुटका व्हायला हवी, आणि सुटका व्हायची तर कॉम्प्युटर यायला हवा. इतका सरळ हिशोब.

मग ती हे कमिटीला सांगून का मोकळी झाली नाही? तेच तर! ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तिच्या घराण्यातच. मला गायचंय असं मंडळीत कसं म्हणायचं? लोक म्हणतील, पुढे बसायची हौस आली. आबा तर सहा वर्षांत एका शब्दानं बोलले नव्हते की पोरी, शेजार रिकामा वाटतो. त्यांनाच वाटत नसेल तर आपण कशाला तोंड उघडायचं, असं म्हणून ती गप्प. कमिटीपुढे ती एवढंच म्हणत राहिली, "कुणालाही चालवता येईल असा सोपा घ्या."

आणि कमिटी म्हणजे काय, एक ना धड भाराभर चिंध्या.

चुडामणनाना रेल्वेतून रिटायर झालेले, पस्तीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये गेली. ते पहिल्याच बैठकीत म्हणाले, "लॅपटॉप नको. काखेत मारून नेता येतो ती वस्तू देवळात ठेवू नये. डेस्कटॉप घ्या, टेबलाला साखळीनं बांधा." हेमांगी म्हणाली, "नाना, लाइट गेली तर?" नाना म्हणाले, "इन्व्हर्टर घ्या." तिनं विचारलं, "तो कुठे ठेवायचा?" नाना म्हणाले, "ते तू बघ."

झुलालभाऊ बाजार समितीतले अडते. सकाळ-संध्याकाळ कापसाचे, मक्याचे लिलाव पुकारून त्यांचा घसा पितळेचा झालेला. त्यांना कोणताही भाव पहिल्या बोलीत पटत नसे. दुकानातली किंमत छापील असली तरी ते बाजारातल्यासारखी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायला हात पुढे करत.

तानुअक्का कमिटीत नव्हती, पण प्रत्येक बैठकीला दाराशी बसे आणि मध्येच सांगे, "अक्षर मोठं पाह्यजे." हेमांगी एकदा वैतागून म्हणाली, "अक्का, तुम्हाला वाचता येत नाही!" अक्का म्हणाली, "नही येत. पन मोठं अक्षर दिसनं का माले वाटस, देव जोरमा बोली ऱ्हायना." हेमांगीनं कपाळाला हात लावला.

आणि पाळकसाहेब. देवमाणूस. कुणाचं मन मोडायचं नाही हे त्यांचं व्रत. दोघांचं भांडण जुंपलं की ते म्हणत, "यासाठी प्रार्थना करू आणि पुढच्या बैठकीत ठरवू." पुढच्या बैठकीत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मे गेला, जून गेला.

जुलैत एकदाचे सगळे जळगावला निघाले. सकाळच्या गाडीनं, डबे बांधून, जशी काही वरात. गोलाणी मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर एका दुकानात शिरले. दुकानदार तरणा, उत्साही. त्यानं विचारलं, "काय वापर आहे? गेमिंग, ऑफिस, एडिटिंग?"

"उपासना," पाळकसाहेब म्हणाले.

दुकानदारानं पुन्हा विचारलं, "म्हणजे... भजनं लावायला?"

"लावायला नाही. दाखवायला. गाणारे आहेत आमच्याकडे."

हेमांगीनं पुढे होऊन नीट सांगितलं. दोन पडदे वेगवेगळे चालले पाहिजेत, म्हणजे चालवणाऱ्याला पुढचं दिसेल आणि मंडळीला फक्त चालू कडवं. तासाभराचा संदेश चालू असताना यंत्र झोपी जाता कामा नये. बॅटरी चांगली. मराठी टंक नीट. प्रोजेक्टरची वायर जुनी आहे, तिचा जोड. दुकानदारानं मान डोलावून तीन लॅपटॉप काढले. मधला एकदम हवा तसा होता. तिनं हात लावून बघितला, बटणं मोठी, पडदा लख्ख. तिच्या मनात आलं, झालं, सुटले!

कसली सुटते! चुडामणनानांनी विचारलं, "याला साखळी लावायला भोक आहे का?" होतं. दुकानदारानं दाखवलं. मग नानांना ते फारच बारीक वाटलं. झुलालभाऊंनी रुमाल काढला आणि दुकानदाराचा हात धरून त्याखाली घेतला. तो बिचारा घाबरला. "काका, हात का धरताय?" झुलालभाऊंचं म्हणणं, छापील भावावर घेतलं तर मंडळी तोंडात शेण घालील. दुकानदाराचं म्हणणं, माझ्या हातात काही नाही. "हातात नाही कसं, हात तर माझ्या हातात आहे!" भाऊ म्हणाले आणि स्वतःच हसले. शेवटी पाळकसाहेबांनी, नेहमीप्रमाणे, "प्रार्थना करू" म्हटलं. सगळे खाली उतरले, भरीत-पुरी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकाम्या हातानं परत. गाडीत हेमांगी कुणाशी बोलली नाही. बोलली असती तर चालत्या गाडीतून कुणालातरी ढकलून दिलं असतं.

अशा दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला ती एकटीच गेली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. तो मधलाच लॅपटॉप उचलला, बिल मंडळीच्या नावानं केलं आणि पिशवीत घालून आणला. पाळकसाहेबांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "बघा, प्रार्थना ऐकली गेली." हेमांगीनं दात आवळून "हो" म्हटलं.

मग तिनं त्यावर पंधरा दिवस घालवले. प्रत्येक गाणं वेगळं केलं, ध्रुवपद पहिलं आणि मग कडवी. आणि कुणालाही चालवता यावं म्हणून तीन बटणांवर तीन रंगांच्या टिकल्या चिकटवल्या. पिवळी दाबली की ध्रुवपद. हिरवी दाबली की पुढचं कडवं. लाल दाबली की पडदा काळा. इतकं सोपं की पाळणाघरातलं पोरही चालवील. कापणीच्या सणाला यंत्र मंडळीला अर्पण होणार होतं. त्यानंतर नाताळला सहा रविवार उरत होते. सहा तर सहा, तिनं बोटं मोजून ठेवली.

कापणीचा सण म्हणजे या मंडळीचा मोठा दिवस. ज्याच्या रानात जे पिकलं त्यातलं पहिलं वेदीपुढे आणायचं. केळीचे घड, कपाशीचं गाठोडं, मक्याची कणसं, भोपळे, पाय बांधलेला कोंबडा. ज्याला रान नाही त्यानं घरचं लोणचं, पापड, विणलेला रुमाल. उपासना झाली की सगळं बाहेर निंबाखाली मांडून लिलाव. पुकारणार अर्थातच झुलालभाऊ. जो जिंकेल त्याला भाऊ विचारणार, "नेता का वाहता?" न्यायचं असेल तर घरी न्या. वाहायचं म्हटलं तर वस्तू परत देवाला, आणि तिचा पुन्हा लिलाव. एकच कोंबडा पाचदा विकला जाई, आणि शेवटी पाळकसाहेबांच्याच घरी जाई.

आणि एक नियम जुना, फार जुना. त्या दिवशी वेदीपुढे जे ठेवलं ते देवाचं. बोली लागल्याशिवाय सुटत नाही. काही वर्षांपूर्वी चुडामणनानांनी नमस्कार करताना आपली छत्री तिथे टेकवली आणि विसरले. गेली लिलावात. स्वतःची छत्री त्यांनी बोली लावून परत घेतली आणि वर्षभर त्याबद्दल बोलत राहिले.

तर त्या दिवशी पाळकसाहेबांनी सांगितलं, "ताई, लॅपटॉप पुढे आणा. वेदीपुढे ठेवू, समर्पणाची प्रार्थना करू." तिनं नेऊन ठेवला. कुणीतरी त्याला झेंडूचा हार घातला. एका बाजूला भोपळा, दुसऱ्या बाजूला कोंबडा. प्रार्थना झाली. मग पाळकसाहेब प्रसन्न चेहऱ्यानं मंडळीकडे वळले.

"आणि हे सुंदर यंत्र आपल्या हेमांगीताई पूर्वीसारख्याच अनेक वर्षं चालवत राहोत, अशी आपण आशा करू."

टाळ्या.

पूर्वीसारख्याच? अनेक वर्षं? हेमांगीनं आबांकडे बघितलं. आबा पेटीची झडप बसवत होते, मान खाली. बोलतील काही? छे. तिला असा संताप आला की लोकांकडे बघवेना. ती उठून बाहेर निंबाखाली जाऊन उभी राहिली.

आत तोवर तानुअक्का आपलं काम करत होती. लिलावाच्या वस्तूंना आकड्याच्या चिठ्ठ्या लावायचं काम दरवर्षी तिचंच. आकडे वाचता येत नसत, पण गठ्ठा क्रमानं लावून दिला की एकेक चिकटवत जाई, चुकत नसे. भोपळ्याला लावली, लॅपटॉपला लावली, कोंबड्याला लावली. पोरांनी सगळं उचलून बाहेर आणलं.

आणि झुलालभाऊ सुरू झाले. एकदा सुरू झाले की ते वस्तूकडे बघत नाहीत, गर्दीकडे बघतात. घड गेला, गाठोडं गेलं, सोळा नंबरचा भोपळा गेला. "सतरा नंबर, सतरा, बोला बोला बोला, ताजा माल, डाग नाही, कीड नाही, एकशे एकची बोली कोण करतंय..."

"दोनशे!" कुणीतरी हसत ओरडलं.

पाळकसाहेब धावत आले. "भाऊ! भाऊ, थांबा! तो आपला कॉम्प्युटर आहे!"

झुलालभाऊंनी खाली बघितलं. हातात झेंडूचा हार घातलेला लॅपटॉप. क्षणभर तेही गडबडले. पण चिठ्ठी लागलेली, बोली झालेली, आणि चाळीस वर्षांची जीभ. "पाळकसाहेब, आता कसं करता? वेदीपुढे होता ना?"

"अहो, प्रार्थनेसाठी होता!"

"वेदीम्होरे ठेवं ते बठ्ठं देवनं," तानुअक्का ठामपणे म्हणाली.

"माझी छत्री सुटली नव्हती," चुडामणनाना मागून म्हणाले. त्यांच्या आवाजात कित्येक वर्षांचं समाधान होतं. "छत्रीला नियम आणि यंत्राला माफी, असं चालणार नाही."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. हेमांगीला वाटलं, आता हे प्रार्थना करू म्हणतील. पण तेवढ्यात भडगावकडून आलेल्या एका पाहुण्या शेतकऱ्यानं खरीच बोली लावली. नातवाला कॉलेजला लॅपटॉप हवाच होता, इतक्या स्वस्तात मिळतोय तर का सोडा? त्यानं हजार म्हटलं. कुणी बाराशे म्हटलं. पाहुण्यानं दोन हजार म्हटलं आणि पिशवी काढली.

साडेसहा महिने! तीन फेऱ्या, साखळीचं भोक, रुमालाखालची बोटं, पंधरा दिवस चिकटवलेल्या टिकल्या. आणि आता हा निघाला भडगावला. हेमांगीचा बांध फुटला.

"पाच हजार!"

ती इतक्या जोरात ओरडली की कोंबडाही गप्प झाला. पाहुण्यानं पिशवी परत खाली ठेवली. झुलालभाऊंनी एक वार, दोन वार, तीन वार केलं आणि सवयीनं विचारलं, "नेता का वाहता?"

लोक हसतच होते. आता ताई वाहते म्हणणार, यंत्र परत मंडळीचं, गंमत संपली, जेवायला चला.

"वाहते," हेमांगी म्हणाली. "पण एका अटीवर."

पाळकसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, वाहण्याला अट नसते."

"मग नेते." तिनं झुलालभाऊंच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला आणि काखेत मारला. हार खाली पडला.

"काखेत मारून नेता येतो, म्हटलं नव्हतं?" चुडामणनाना हळूच म्हणाले.

"नाना, तुम्ही गप्प बसा! सगळे गप्प बसा!" हेमांगीचा आवाज फाटला. "सहा वर्षं! दोन रविवार म्हणाला होतात आणि सहा वर्षं मी तुमच्या पाठी बघतेय. चांगलं यंत्र आलं की ताई मोकळ्या, असा शब्द दिला होता पाळकसाहेबांनी. आणलं मी यंत्र. मी आणलं, तुम्ही कुणी नाही! आणि आता म्हणता पूर्वीसारख्याच? नाही बसणार मी त्या टेबलावर. मला गायचंय. आबा नाताळनंतर पेटी ठेवणार आहेत. मला त्यांच्या शेजारी बसून गायचंय. एवढंच. घ्या, सांगितलं."

तिला वाटलं होतं लोक हसतील, नाकं मुरडतील. कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. "ताई, चुकलं माझं," ते म्हणाले, आणि या वेळी पुढच्या बैठकीचं नाव काढलं नाही. पण मग इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, "पण चालवणार कोण? आबांचं बोट कुणाला कळणार?"

मग चुडामणनानांनी घसा खाकरला.

"हिरवं म्हणजे पुढे जा, लाल म्हणजे बंद, पिवळं म्हणजे सुरुवातीला. बघितल्यात मी टिकल्या. पस्तीस वर्षं केबिनमध्ये बसून मी काय माशा मारल्या? कौतिकआबाचं बोट म्हणजे सिग्नल आहे, दुसरं काय? दर रविवारी बघतो मी ते. आपण बाकावर बसल्या बसल्या मनात म्हणतो, आता ध्रुवपद, आता चौथं. शंभरातून नव्वद वेळा बरोबर येतं."

हेमांगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "नाना, मग साडेसहा महिने साखळी, साखळी काय लावलं होतंत? सांगायचं ना, मी चालवतो म्हणून!"

"मला कुणी विचारलं का?" नाना दुखावल्या आवाजात म्हणाले. "सगळे विचारत होते कोणता घ्यायचा. कोण चालवणार, हे एकानं तरी विचारलं?"

यावर तिला रडावं का हसावं कळेना. तिनं लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. झुलालभाऊंनी विचारलं, "म्हणजे वाहिला?"

"वाहिला हो, वाहिला!" ती वैतागून म्हणाली. "आणि परत पुकारलात तर बघा!"

लिलावानंतरचं समारोपाचं गाणं राहिलं होतं. सगळे आत गेले. नाना मागच्या टेबलावर ताठ बसले, चष्मा नाकावर, एक बोट पिवळ्या टिकलीवर. हेमांगी मधल्या वाटेनं पुढे चालत गेली. सहा वर्षांनी ती वाट तिला भलतीच लांब वाटली. ती आबांच्या शेजारी सतरंजीवर बसली. आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पेटीच्या खोक्यात हात घातला, तळाशी चाचपलं आणि एक पुडकं काढून तिच्यापुढे ठेवलं.

आत तिची झांज होती. पितळ घासलेलं. आणि दोरी कोरी करकरीत, लाल.

"हे काय आबा?"

"दर सनले दोरी बदलस मी," आबा पेटीवर बोटं ठेवत म्हणाले. "सडी जास."

दर कापणीच्या सणाला. सहा वर्षं. म्हणजे सहा दोऱ्या. हेमांगीचे डोळे भरून आले आणि तितकाच रागही आला. "मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तू बी कोठे बोलनी?"

आबांनी भाता ओढला. सुजलेली बोटं पट्ट्यांवर अडखळली, मग सापडली. डोळे मिटले. त्यांनी ओळ टाकली आणि हेमांगीनं उचलली. आवाज गंजला होता, पहिल्या ओळीला खरखरला, दुसरीला मोकळा झाला. मागून मंडळी आली. आबांचा अंगठा वर गेला, पुढचं कडवं. पडदा काळा झाला. मग ध्रुवपद आलं. मग पुन्हा काळा.

"अहो नाना, हिरवी!" तिच्या अगदी ओठांवर आलं. पाय आपोआप उचलला, सहा वर्षांची सवय, उठून मागे धावायची. मंडळीचा सूर चाचपडायला लागला. फक्त पहिल्या बाकावरून तानुअक्का काळ्या पडद्याकडे बघत, एक अक्षर न चुकता, गात होती.

हेमांगीनं पाय परत आखडून घेतला, झांज वाजवली आणि पुढचं कडवं स्वतःच उचललं.